पहिली खेप भंगाराची

भाऊंच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याची नडगी फुटायचीच. दार उघडलं की एका अंगाला वखर, दुसऱ्या अंगाला भिंतीला टेकवलेलं जू, आणि मधे जी काही वाट उरली असेल तिच्यात तण काढायचा डवरा आडवा पडलेला. पाहुणा कळवळून खाली बसला की भाऊ वाकून आधी डवऱ्यावरून हात फिरवायचे आणि मग पाहुण्याला धीर द्यायचे, "बाभूळ हाय. तिले काई होत नाई. तू बिनघोर राह्य." नडगीची चौकशी वहिनी करायच्या. हळदीचा डबा त्यांनी स्वयंपाकघरातून कधीच पुढच्या खोलीत आणून ठेवला होता.

घरात सोफा होता, पण त्याच्यावर बैलांच्या घुंगरमाळा बसलेल्या असायच्या; माणसांसाठी खाली सतरंजी. टीव्हीसमोर एक लोखंडी मोट. विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची ती भली थोरली बादली. तिच्यामुळं टीव्हीचा खालचा अर्धा भाग झाकला जायचा आणि वहिनी सगळ्या मालिका माणसांच्या गळ्यापासून वरच पाहायच्या. तक्रार म्हणून त्या कधी बोलल्या नाहीत. फक्त मला चहा देताना एकदा म्हणाल्या, "रविवारी यायनं मोट आनली. म्या म्हटलं, आता इहीर कवा आनता?"

भाऊंनी ते मनावर घेतलं असतं तर विहीरही आली असती, यात मला शंका नाही.

मी तेव्हा वाशिमला ट्रॅक्टरच्या एका शोरूममधे सुट्या भागांच्या काउंटरवर होतो आणि भाऊ तिथले सगळ्यात जुने विक्रेते. शोरूमचा मालकही त्यांना भाऊच म्हणायचा. त्यांचं बोलणं असं की गिऱ्हाईक खताची चौकशी करायला निघालेलं असायचं आणि ट्रॅक्टर घेऊन घरी जायचं. जिल्ह्यात गाव असं नव्हतं जिथं त्यांनी चहा घेतला नाही आणि चहाच्या बदल्यात ट्रॅक्टर दिला नाही. तोच माणूस निवृत्त झाला आणि भंगाराच्या दुकानांतून नांगर-वखर गोळा करत हिंडू लागला. लोकांना करमणूक झाली. मलाही झाली, खोटं कशाला बोलू.

त्यांची विद्या एका वाक्यात मावायची. "ट्रॅक्टर इकनं सोपं हाय," ते मला सांगायचे, "बैल सोडवनं कठीन हाय." शेतकरी ट्रॅक्टर घ्यायचा, एक हंगाम मिरवायचा, आणि डिझेल भरून भरून दमला की कोपऱ्यातला वखर हळूच बाहेर काढायचा. शेजाऱ्यानं ते पाहिलं की शेजाऱ्याकडचा सौदा फिसकटायचा. यावर भाऊंनी जो उपाय शोधला त्याला तोड नाही. त्यांनी चक्क एक रीत काढली.

नव्या ट्रॉलीची पहिली खेप भंगाराची. ट्रॅक्टर दारात आला, नारळ फुटला, की घरातलं जुनं अवजार ट्रॉलीत भरायचं आणि वाजतगाजत भंगारात नेऊन टाकायचं. "घरातली साडेसाती जाते," भाऊ डोळे अर्धवट मिटून सांगायचे, "बुढ्यापुरान्याचं म्हननं हाय." बुढ्यापुराण्यांनी ट्रॉली कुठं पाहिली होती, असं एकानंही विचारलं नाही. ट्रॉलीला आंब्याचं तोरण, पुढं डफडं, मागं नांगर, आणि वरात थेट वाशिमच्या चाचांच्या भंगारदुकानात. एकदा अवजार गेलं की शेतकऱ्याला मागं फिरायची वाटच उरायची नाही. शोरूमनं या कल्पनेबद्दल भाऊंचा शाल देऊन सत्कार केला होता. ती शाल पुढं एका गंजक्या चरकावर पांघरलेली मी पाहिली.

ज्यापायी हा सगळा उद्योग सुरू झाला ते आता सांगूनच टाकतो.

भाऊंची थोरली बहीण इंझोरीला दिलेली. थोरल्या बहिणीला आमच्याकडं 'बाई' म्हणतात, म्हणून मीही त्यांना बाईच म्हणायचो. बाईंचे यजमान लवकर गेले. शेत त्यांनी एकटीनं ओढलं, आणि मुलगा हाताशी आला तसा भाऊंनी भाच्याला ट्रॅक्टर घ्यायला लावला. सख्ख्या बहिणीचं घर, तेव्हा पहिली खेप जोरात व्हायला हवी. बाईंनी नांगर दिला, वखर दिला, जू दिलं. तिफण मात्र सोडेनात. तिफण म्हणजे पेरणीचं अवजार. खाली तीन फण, वर वाडग्याएवढं लाकडी चाडं, चाड्यातून तीन नळ्या जमिनीकडं गेलेल्या. बैल पुढं, त्यांना हाकणारा गडी बाजूला, आणि मागून चाड्यात मुठीमुठीनं बी सोडत चालणारी पेरणारीण. बाईंचा हात त्या चाड्यावर होता. भाऊंनी साऱ्या गावासमोर हसत हसत बाईंचं एकेक बोट सोडवलं. "बाई, रीत हाय," ते म्हणाले, आणि तिफण ट्रॉलीत गेली.

तेव्हापासून भाऊ भाऊबीजेला इंझोरीला जायचे तर पाट मांडलेला असायचा, रांगोळी असायची, ताटात निरांजन, सुपारी, करंजी सगळं असायचं. ओवाळायला मात्र सून यायची. बाई आत चुलीपाशी. भांडण नाही, तंटा नाही, तोंडातून एक शब्द नाही. भाऊ सुनेकडून ओवाळून घ्यायचे, ताटात ओवाळणी टाकायचे आणि परत यायचे. दुसऱ्या दिवशी शोरूममधे ते कुणालाच काही विकायचे नाहीत.

त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की बाई तिफणीपायी रुसली आहे. तीच तिफण शोधायची, नेऊन द्यायची, की पुढच्या भाऊबीजेला बाई स्वतः ओवाळणार. नोकरी सुटली आणि त्याच आठवड्यात शोध सुरू झाला. त्यांना मोटारसायकल चालवता येत नव्हती. आयुष्यभर ट्रॅक्टर विकला, पण चालवायला दोन चाकंही नाहीत. ती चाकं माझी होती, म्हणून हा सगळा इतिहास मला पाठ आहे.

पहिल्याच दिवशी चाचांनी त्यांना खरं काय ते सांगितलं. चाचांचं भंगारदुकान बापाच्या वेळचं. माणूस मापात चोख आणि बोलण्यात त्याहून. "भाऊ, लोहा मेरे पास रहता. लकडा तो हफ्ते भर में नाके के होटल में जाता, चूल्हे में. तुम्हारी बहन की तिफन पे जो चाय बनी, वो लोग कब की पी गये."

आम्ही दोघं त्या नाक्यावरच्या हॉटेलात पुष्कळ वर्षं चहा प्यायलो होतो. भाऊंनी त्या दिवसापासून तिथला चहा सोडला.

शोध मात्र सोडला नाही. "वळखीचं लाकूड कोनी जाळत नसते," असा एक नवा सिद्धांत त्यांनी मांडला. चूल पेटवणाऱ्यानं कुठल्या लाकडाची ओळख काढून घेतली होती, ते त्यांनाच ठाऊक. अनसिंगपासून कारंज्यापर्यंत एकही भंगाराचं दुकान आम्ही ठेवलं नाही. पत्र्याच्या डब्यांखाली, मोडक्या कुलरच्या मागं, सायकलींच्या सांगाड्यात हात घालून ते तिफण शोधायचे. तिफण मिळायची नाही. दुसरंच काहीतरी हाताला लागायचं. ते बाहेर ओढून, पुसून, डोळ्यांजवळ नेऊन म्हणायचे, "हा रिठदचा वखर. म्याच धाडला होता." पुन्हा थोडं उकरायचे. "हे जू तोंडगावचं. म्याच." चोरानं आपणच मारलेल्या घरांपुढं उभं राहून पत्ते सांगावेत, तसा तो प्रकार होता.

सुरुवातीला त्यांनी ही अवजारं ज्याची त्याला परत करायचंही करून पाहिलं. एका भल्या माणसाच्या अंगणात आम्ही त्याचा वखर घेऊन उतरलो. तो घरातून धावतच आला. "भाऊ! साडेसाती वापस घेऊन आले का? आधी दाराबाहेर काढा ते!" त्याच्या बायकोनं आमच्या मागं दारात पाणी शिंपडलं. वखर आमच्यासोबत वाशिमला परत आला आणि त्या संध्याकाळी वहिनींच्या घरातला पहिला कोपरा गेला. पुढं एकेक करत बाकीचेही गेले.

एकदा महामार्गावर ढाबा टाकणारा एक गृहस्थ आला. त्याला ढाब्याला गावरान रूप द्यायचं होतं. नांगर भिंतीवर टांगायचा, त्याला दिव्यांची माळ गुंडाळायची, आणि लोकांनी त्याखाली उभं राहून फोटो काढायचे. भाऊंनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "टांगाचंच असन त तुह्या आजाचा फोटो टांग," ते म्हणाले. "नांगर जमिनीतच बरा दिसते." गृहस्थ उठताना डवऱ्याला अडखळले. वहिनींनी हळद दिली.

पण भाऊंची खरी फजिती व्हायची होती ती रिठदला. तिथं एकाच्या दारी नवा ट्रॅक्टर उतरणार अशी बातमी आली आणि भाऊ म्हणाले, आज पहिली खेप आपण अडवायची. आम्ही पोचलो तेव्हा नारळ फुटून झाला होता. ट्रॉलीत एक जुना लोखंडी नांगर, दोन वखर आणि एक गाडीचं चाक भरलेलं. आमच्या शोरूमचा नवा विक्रेता, भाऊंनीच हाताखाली घडवलेला, डोळे अर्धवट मिटून सांगत होता, "घरातली साडेसाती जाते. बुढ्यापुरान्याचं म्हननं हाय." एक अक्षर इकडचं तिकडं नाही. चेल्यानं गुरूची कमाई मातीत जाऊ दिली नव्हती.

भाऊ ट्रॉलीपुढं हात पसरून उभे राहिले. "थांबा! हे रीत-बीत काई नाई. म्याच काढली होती. धंद्यासाठी काढली होती!"

डफडं थांबलं. घरमालकानं त्यांच्याकडं दयेनं पाहिलं. "भाऊ, रीत का कोनी काढत असते? रीत असतेच."

"अरे पन म्याच काढली ना बावा! देवाची आन!"

"माह्या आजानं सोता पह्यली खेप नेल्ती," ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला. "म्या या डोयानं पाह्यलं." त्याच्या आज्याच्या काळी गावात ट्रॅक्टर नव्हता, ट्रॉली नव्हती, आणि भंगारदुकान तर नव्हतंच, पण म्हाताऱ्यानं पाहिलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "करून करून भागला, अन् देवपूजेले लागला," आणि सगळे हसले. मीही हसलो. वाक्य फारच बरोबर बसलं होतं.

भाऊ ट्रॉलीच्या चाकाला टेकले. खरं बोलून काही उपयोग नाही हे विक्रेत्याइतकं कुणाला कळणार! मग त्यांनी डोळे अर्धवट मिटले.

"बरं. रीत म्हनता त रीत. पन रीतीत बदलीची सोय हाय. दुसरं लोखंड देल्लं त जुनं अवजार सोडवता येते. बुढ्यापुरान्याचं म्हननं हाय."

"हाव, हाय," ओट्यावरचा म्हातारा लगेच म्हणाला. "आमच्या आजानं थेच केल्तं."

हे मात्र सगळ्यांना तात्काळ पटलं. लोखंड कुठून आणायचं हा प्रश्न उरला, आणि सगळ्या गावानं एकदमच माझ्या मोटारसायकलकडं पाहिलं. तिचं लेगगार्ड, मागचं कॅरिअर आणि स्टँड रिठदच्या पहिल्या खेपेत डफड्याच्या तालावर भंगारात गेले. बदल्यात नांगर आला. पुढं मी कुठंही गेलो की आधी गाडी टेकवायला भिंत शोधायचो. आणि बदलीची रीत अशी पसरली की लोक जुनं अवजार भाऊंच्या दारी टाकून हक्कानं लोखंड मागू लागले. वहिनींचा खलबत्ता गेला, लोखंडी खाट गेली, कुलरचा पत्रा गेला. "आता जुनंपानं लोखंड म्हनून मीच उरली," वहिनी म्हणाल्या.

एवढं करूनही बाईंची तिफण सापडली नाहीच. शेवटी भाऊंनी तिफण जमवली. दांडी अनसिंगला मिळाली, फण दुसरीकडचे, चाडं एका गोठ्यात कोंबड्यांना पाणी ठेवायच्या कामी लागलं होतं तिथून आणलं. सुताराकडून सांधून घेतली, तेल चोळलं. लांबून पाहिलं तर एकाच घरची वाटावी. भाड्याचा छोटा हत्ती टेम्पो केला आणि आम्ही इंझोरीला निघालो. वाटेत भाऊ तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होते. जो माणूस दुष्काळात ट्रॅक्टर विकायचा, त्याला बहिणीशी काय बोलावं ते सुचत नव्हतं.

बाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी आत सुनेला हाक मारली, "एजंट आला पाह्य."

इतक्या वर्षांनी त्यांनी भावासाठी काढलेला हा पहिला शब्द. भाऊंना तोही गोड लागला असावा, कारण ते हसले. तिफण खाली उतरवली. बाई उठल्या, जवळ आल्या, चाड्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि हात काढून घेतला.

"ही माही नाई."

"नाई बाई," भाऊ म्हणाले. "तुही... चुलीत गेली असन."

"मले मालूम हाय. लाकूड हाय, जळनच. मी का लाकडासाठी बसली रुसून?"

"मंग कायच्यासाठी, बाई?"

बाईंनी पदरानं हात पुसले. त्या भावाकडं पाहत नव्हत्या, तिफणीकडं पाहत होत्या. "पेरनीच्या आदल्या दिवशी बाया सुपात बी घेऊन या दाराशी येत. म्हनत, आत्या, उद्या पह्यली मूठ तुमची. कुकू पुसलेल्या बाईले लग्नात कोनी पुढं बसवत नाई, बापू. बारशात बसवत नाई. पन पेरनीले माह्या हाताबिगर या गावात तिफन हालत नव्हती. तुह्या ट्रॅक्टरले डबा हाय. डबा भरला का चालला तो. आता मले कोन बलावते?"

मी टोमणे मारण्यात हुशार आहे असं लोक म्हणतात. त्या अंगणात मी खाली वाकून चपलेचा अंगठा चाचपत बसलो. भाऊ तर उभ्या जागी लहान झाले होते. तिफण ठेवून जाऊ का, असं त्यांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "ने वापस. अठी काय कामाची?" येताना ते गाडीत मागं तिफणीजवळ बसले, ऊन असूनही.

घरी आल्यावर वहिनींना सगळं सांगितलं. भाऊंनी त्यांना गळ घातली की सुपात बी घेऊन तू जा, हे बायकांचं काम आहे. वहिनींनी मोटेमागून टीव्ही बंद केला. "तोडलं तुमी," त्या म्हणाल्या, "जोडा बी तुमीच."

दिवाळी सरली होती, हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस. मिशीवाला, धिप्पाड, जिल्हाभर ओळखीचा माणूस मांडीवर हरभऱ्याचं सूप घेऊन एसटीत बसला. कंडक्टरनं सुपाचं तिकीट घेणार का म्हणून विचारलं. इंझोरीत उतरल्यावर पारावरच्या माणसांनी आधी पाहिलं, मग एकमेकांना ढोसलं. बाया तर दारादारांत पदर तोंडाला लावून उभ्या. मी मागून दहा पावलं अंतर ठेवून चालत होतो, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं.

भाऊ बाईंच्या दाराशी जाऊन उंबऱ्याबाहेर थांबले. दोन्ही हातांत सूप. "बाई," ते म्हणाले, "पह्यली मूठ तुही."

"हे बायाचं काम हाय."

"मालूम हाय."

"वावर कोठी हाय तुह्यापाशी? इकलं ना सारं?"

"घरामांगं पलाट हाय."

"पलाटात पेरतेत काय रे?"

"तू येशीन त पेरतेत."

बाई दारात तशाच उभ्या राहिल्या. सुपात हरभरा बारीक वाजत होता. विकायला आलेला माणूस मी पुष्कळ वेळा पाहिला होता. मागायला आलेला भाऊ पहिल्यांदा पाहत होतो, आणि मनातून देवाला म्हणत होतो की हिनं याला परत पाठवू नये. बाईंनी खाली पाहिलं, सुपातून दोन-चार दाणे वेचून अंगणात फेकले. "किडके हायेत," त्या म्हणाल्या. "बी निवडून आनाव का नाई मानसानं?" मग सूप त्यांच्या हातातून घेतलं आणि आत गेल्या. सुपात बी घेऊन आलेल्याला परत पाठवत नसतात. निदान इंझोरीत तरी.

बैलजोडी मिळवायला भंगार शोधण्याहून जास्त हिंडावं लागलं. ती शेवटी अनसिंगच्या एका म्हाताऱ्यानं दिली, बैलांची काळजी घेईन अशी शपथ माझ्याकडून घेऊन. भाऊंचा प्लॉट म्हणजे कमिशनच्या पैशातून घेतलेला कॉलनीतला चौकोन; तिन्ही बाजूंनी बंगले, कंपाउंड, फरशा. तिथं बैल शिरले तेव्हा गच्च्यांवर माणसं गोळा झाली आणि मोबाइल वर झाले. बाईंनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला, तिफणीला हळदकुंकू लावलं, पहिली मूठ कपाळाला लावून चाड्यात सोडली आणि हात चालू झाला. तो हात पाहण्यासारखा होता. भाऊंचं हाकणं मात्र पाहवत नव्हतं.

"सिधा चाल रे!" बाई ओरडल्या. "गिऱ्हाइकाच्या मांगं चालल्यावानी काय चालून राह्यला?"

बैलांनी चार पावलं टाकली की भिंत यायची. वळताना तिफण एकदा नळावर आदळली, एकदा माझ्या पायावर. बाई भावाला शिव्या देत होत्या, भाऊ त्या शिव्या खात होते, आणि मला आठवतंय, त्या माणसाचा चेहरा मी इतका खुललेला शोरूममधे विक्रीच्या उच्चांकाच्या वर्षीसुद्धा पाहिला नव्हता. वहिनी ओट्यावर बसून पाहत होत्या. मधे टीव्ही नव्हता, मोट नव्हती, सगळं नीट दिसत होतं.

शेवटच्या वळणावर डाव्या बैलानं समोरच्या बंगल्याच्या कुंपणात मान घालून जास्वंदीची फांदी ओरबाडली. बंगल्यातल्या मॅडम तरातरा आल्या. शहरातल्या कुठल्याशा ऑफिसात होत्या, कॉलनीत त्यांच्या तक्रारींचा दरारा होता. "हे काय चाललंय? ही काय शेताची जागा आहे?" असं म्हणत त्या आल्या आणि तिफणीपाशी येऊन थांबल्या. बाईंचं लक्षच नव्हतं. त्या उरलेलं बी चाड्यात सोडत होत्या, मुठीतून धार कमी-जास्त न होता. ओळ संपली. मॅडम अजून तिथंच.

"मावशी," त्या जरा अडखळत म्हणाल्या, "माझ्या मागच्या अंगणात मी दरवर्षी मेथी टाकते, कोथिंबीर टाकते. काहीच उगवत नाही हो. तुमच्या हातानं टाकाल का? उद्या सुट्टी आहे मला."

बाईंनी त्यांच्याकडं वर-खाली पाहिलं. "बी हाय का घरी?"

मॅडम धावत गेल्या आणि स्टीलच्या वाटीत मेथीदाणा घेऊन आल्या. बाईंनी वाटी घेतली, पदराखाली धरली.

भाऊ घाम पुसत जवळ आले. "बाई, थकली असशीन. छोटा हत्ती सांगून ठेवला हाय, सांजच्याले सोडतो तुले इंझोरीले."

"गाडीचं राहू दे, बापू," बाई म्हणाल्या. "उद्या बलावनं हाय मले."